पदवीला नक्की लागतं काय? लेकीचे दोन क्रेडिट कमी दिसताहेत

मोगरा_७४
मंडळी, जरा घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. लेक बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेजर अर्थशास्त्र. कॉलेज स्वायत्त, प्रवेश २०२३चा, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची अगदी पहिली बॅच. पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. सगळ्यात पास, एकही विषय राहिलेला (एटीकेटी) नाही, सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरांची सरासरी साडेआठच्या आसपास. आम्ही खूश. परवा सहज डिजिलॉकरमधून तिचं एबीसी खातं, म्हणजे क्रेडिट जमा होतात ती बँक, उघडलं, तर जमा क्रेडिट १०८. पाच सेमिस्टर, प्रत्येकी २२, म्हणजे ११० नकोत का?

लेक म्हणते, "आई, मार्कशीटवर पास लिहिलंय, तू कशाला उकरून काढतेस?" कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर म्हणाले, शेवटी बघू, सगळ्यांचंच होतं.

मी १९९६ची बी.कॉम. सगळे पेपर सुटले की पदवी, एवढंच मला ठाऊक. आता पदवी हातात पडायला नक्की काय काय पुरं व्हावं लागतं, हे कुणी सरळ भाषेत सांगेल का? आणि हे दोन क्रेडिट कुठे गेले असतील?

शेवटचा_बाक
काकू, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात निम्म्यांना ओई आणि ओजेटीतला फरक माहीत नाही. सीसी म्हणजे कॅमेरा नव्हे, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. जाणकारांची वाट बघतोय, मलाही हवंय.

खडू_फळा
मी एका अनुदानित कॉलेजात शिकवते आणि वेळापत्रक समितीत असल्यामुळे ह्या आकड्यांशी रोज झोंबते. दोन क्रेडिटांकडे नंतर येऊ. एकूण हिशोब कळला की गळती कुठे आहे ते तुम्हालाच दिसेल.

पूर्वी पदवी पेपरांनी मोजायचो, आता क्रेडिटने. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला तेवढ्याच एका क्रेडिटसाठी ३० तास. शासनाचा २० एप्रिल २०२३चा निर्णय आणि १३ मार्च २०२४चा सुधारित निर्णय ह्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एका सेमिस्टरला २० ते २२. तुमच्या कॉलेजाने २२ धरलेत, म्हणजे लेकीला १३२ हवेत.

पण १३२ ही नुसती बेरीज समजू नका. मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वाटी ठरलेल्या खुणेपर्यंत भरावी लागते. सगळ्यात मोठी वाटी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची. मायनर, म्हणजे जोडविषय, त्याला १८ ते २०. ओई, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे विषय, त्यांना १० ते १२. मेजरशी जोडलेली व्यावसायिक कौशल्यं म्हणजे व्हीएससी, ८ ते १०. साधी कौशल्यं म्हणजे एसईसी, ६. भाषा (एईसी) ८: चार इंग्रजीचे, चार आधुनिक भारतीय भाषेचे. मूल्यशिक्षण (व्हीईसी) ४, पर्यावरण वगैरे त्यात येतं. भारतीय ज्ञानपरंपरा (आयकेएस) २. मग फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्काचं काम, शेवटच्या वर्षात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव ४. आणि सीसी, सहअभ्यासक्रम, एकूण ८: पहिल्या चार सेमिस्टरांत प्रत्येकी दोन. एनएसएस, एनसीसी, योग, खेळ, सांस्कृतिक, ह्यांतलं काहीतरी.

मेजरच्या वाटीत दोन जास्त पडले म्हणून सीसीचे दोन माफ, असं होत नाही. दरवर्षी चारपाच मुलं स्टाफरूममध्ये येऊन हाच वाद घालतात. आकड्यांत कॉलेजागणिक थोडा फरक असतो, पण नियम हाच.

तिरकस
वाचूनच दम लागला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले ते चौघे, त्यांत रानडे आणि भांडारकर. ओजेटी न करता त्यांचं बरं चाललं म्हणायचं.

खडू_फळा
@तिरकस, तेव्हा चौघेच होते, म्हणून खिडकीवर रांग नव्हती. :)

जुनाट_रेडिओ
तिरकसराव, जुनी पद्धत साधी होती हा गोड गैरसमज आहे. माझंच सांगतो. बी.कॉम.चे सगळे पेपर पहिल्या झटक्यात सुटले, नोकरीही लागली. दीड वर्षाने पदवीदान समारंभाचा अर्ज भरायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी यादीवर बोट ठेवलं: पर्यावरण, अनुपस्थित. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे पर्यावरणाचा विषय पदवीला सक्तीचा झाला, हे मला त्या खिडकीत कळलं. वर्गात तो तास म्हणजे कँटीनचा तास असायचा. त्याचे गुण टक्केवारीत धरत नसत, म्हणून मार्कशीटवर "फर्स्ट क्लास" झळकत होतं, आणि पदवी मात्र अडकलेली.

नोकरी करता करता, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ओढ्याच्या प्रदूषणावर वीस पानी प्रकल्प लिहून दिला. ओढा पाहिला होता, हेच नशीब. मोगराताई, तुम्ही उकरून काढताय ते योग्यच करताय.

आवक_जावक
नमस्कार. परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. ताई, लेकीच्या पाचही मार्कशीट घ्या. ग्रेड बघू नका, सीजीपीए तर मुळीच बघू नका. प्रत्येक मार्कशीटच्या तळाशी "अर्जित क्रेडिट" असा आकडा असतो, तो वाचा. पाचपैकी एकावर २२च्या जागी २० असणार. ती मार्कशीट ओळीओळीने इथे टंका. नाव, पीआरएन, बैठक क्रमांक टाकू नका.

मोगरा_७४
काका, दुसऱ्या सेमिस्टरची निघाली! तळाला २० आहे. आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. टंकते:

मेजर ६ क्रेडिट, ग्रेड पॉइंट ९
मायनर २, ९
ओई ४, ८
व्हीएससी २, ८
एसईसी २, १०
एईसी २, ७
व्हीईसी २, ९
सीसी (एनएसएस): आडवी रेघ. क्रेडिटच्या रकान्यात पण रेघ.
एसजीपीए ८.६०. शेरा: उत्तीर्ण.

एनएसएस तर तिने केलंय! सात दिवसांच्या शिबिराला गेली होती, सर्दी घेऊन परत आली.

आवक_जावक
सापडलं. आता गंमत बघा. एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची सरासरी, काढताना प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, भागिले क्रेडिटची बेरीज. ५४ अधिक १८ अधिक ३२ अधिक १६ अधिक २० अधिक १४ अधिक १८, झाले १७२. ह्याला २०ने भागलं की ८.६०. छापलंय ते हेच.

एनएसएसमध्ये ती खरोखर नापास असती, तर शून्य धरून २२ने भागलं असतं: ७.८२. मग तुमच्या डोळ्यांत लगेच भरलं असतं. इथे गुण भरलेच गेले नाहीत, म्हणून संगणकाने तो विषयच हिशोबातून वगळला. सरासरी छान दिसली आणि तुम्ही सगळे निवांत राहिलात. रेघ आणि शून्य ह्यांत हाच फरक. शून्य ओरडतं, रेघ गप्प बसते.

शेवटचा_बाक
काका, आत्ता उठून माझ्या मार्कशीट बघितल्या. २२, २२, २२. हुश्श.

आवक_जावक
ताई, आता काय करायचं ते सांगतो.

लेकीची एनएसएसची डायरी शोधा. एनएसएसला वर्षाला १२० तास असतात, दोन वर्षांचे मिळून २४०, शिवाय विशेष शिबिर. डायरीत तारखा आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात. शिबिराचं प्रमाणपत्र असेल तर सोन्याहून पिवळं. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, "मार्फत: परीक्षा नियंत्रक". विषय एका ओळीत: सेमिस्टर दोन, सहअभ्यासक्रमाचे गुण नोंदवण्याचे राहिल्याबाबत. मार्कशीट, डायरी, प्रमाणपत्राच्या झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणायचं, शिक्का द्या, मग जाते. माझं अर्धं आयुष्य त्या शिक्क्यात गेलंय, त्याच्याशिवाय कागद म्हणजे रद्दी.

आणि आत्ताच करा, सहाव्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघू नका. तेव्हा हजार मुलांचे अर्ज एका टेबलावर येतात, आणि तोवर कार्यक्रम अधिकारी बदललेले असतात.

मोगरा_७४
काका, ते आधीच बदललेत. :( तेव्हाचे सर दुसऱ्या कॉलेजात गेले. नवे म्हणतात, माझ्या काळातलं नाही.

आवक_जावक
नोंदवही माणसाबरोबर जात नाही, कॉलेजातच राहते. एनएसएसच्या कपाटात त्या वर्षाची स्वयंसेवक यादी आणि शिबिराचा अहवाल असणारच, कारण तो विद्यापीठाला पाठवावा लागतो. अर्जात लिहा: "त्या वर्षाच्या स्वयंसेवक यादीतील नोंदीवरून पडताळणी व्हावी". यादी समोर असली की नव्या माणसालाही सही करायला भीती वाटत नाही.

खडू_फळा
काकांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच की एबीसीत विद्यार्थ्याला स्वतः काही चढवता येत नाही. क्रेडिट जमा करते ती संस्था. त्यामुळे डिजिलॉकरच्या तक्रारपेटीत लिहून उपयोग नाही. आधी मार्कशीट दुरुस्त होईल, मग कॉलेज नवी नोंद पाठवेल, मग तिथला आकडा बदलेल. उलट्या क्रमाने कधीच नाही.

नदीकाठ
धाग्याला फाटा फोडतोय, माफी. मुलगा बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. तिसऱ्या वर्षाला बसू देतात का? एटीकेटीचं नक्की काय असतं?

खडू_फळा
एटीकेटी म्हणजे "अलाउड टू कीप टर्म्स": विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती सैल असते. तिसऱ्याच्या दारात बहुतेक विद्यापीठं पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं मागतात. नेमकी अट तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशात असते, ती प्रवेशाच्या माहितीपत्रकावर अवलंबून न राहता परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. पुढच्या संधीत दोन्ही विषय काढून टाकायला सांगा. आणि तो अंतर्गत गुणांत अडकलाय की लेखी परीक्षेत, हे आधी बघा. काही ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. अंतर्गतमध्ये पडला असेल तर लेखी पेपर दहादा देऊन काही होत नाही. हे मुलांना सहा महिन्यांनी कळतं.

नदीकाठ
अंतर्गतच निघालं मॅडम. त्याने असाइनमेंट दिलीच नव्हती. घरी बोललोय त्याच्याशी, सविस्तर.

तिरकस
सविस्तर :D

पण मला एक सांगा, मुलगी वैतागून दुसऱ्या वर्षानंतर सोडून गेली तर? ह्या नव्या धोरणात म्हणे मधूनच बाहेर पडता येतं.

खडू_फळा
येतं, पण त्यातही अट असते. एक वर्ष, ४० ते ४४ क्रेडिट: सर्टिफिकेट. दोन वर्षं, ८० ते ८८: डिप्लोमा. बाहेर पडताना वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळी पदवी सात वर्षांत. मोगराताईंच्या लेकीने पहिल्या वर्षानंतर सोडायचं ठरवलं असतं तर ४४ऐवजी ४२वर हे तेव्हाच उघडं पडलं असतं.

माझं मत विचाराल तर हे "मधूनच बाहेर" कागदावर छान आहे. सर्टिफिकेट घेऊन गेलेल्या मुलाला बाहेर नोकरीवाला विचारतो, म्हणजे बारावी पास का?

शेवटचा_बाक
मॅडम, चौथं वर्ष करावं का? आमच्याकडे सगळे म्हणतात, चार वर्षं केली की थेट पीएच.डी.

खडू_फळा
अर्धं खरं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र, यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी. पात्र म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, पुढे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत आहेच. आणि चौथ्या वर्षात "ऑनर्स विथ रिसर्च" हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांतच ७५ टक्के लागतात. त्यात संशोधन प्रकल्पाचे १२ क्रेडिट. ते न घेता साधं ऑनर्सही करता येतं. दुसरा फायदा, चार वर्षांनंतर एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात. तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू होणार आहे का, मार्गदर्शक कोण, हे आधी विचार. मेजर आवडतंय का, हे त्याच्याही आधी.

जुनाट_रेडिओ
क्रेडिट पुरे झाले तरी पदवी अडवणारे किरकोळ कागद असतात, त्यावर कुणी लिहिलं नाही. माझ्या पुतणीचा शेवटचा निकाल राखून ठेवला होता. बारावी दुसऱ्या बोर्डाची, स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन दिलंच नव्हतं, म्हणून तिची पात्रता तीन वर्षं "तात्पुरती". कुणी कधी विचारलं नाही, तिनेही नाही.

आवक_जावक
फार बरं केलंत आठवण करून. पात्रता, ग्रंथालयाची थकबाकी, प्रयोगशाळेची मोडतोड, नावाचं स्पेलिंग. स्पेलिंगचं तर विचारू नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं असेल तसंच पदवीवर जातं, आईचं नाव त्यात धरून. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज, नवं शुल्क, पुन्हा तीच रांग. शेवटच्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरताना नाव एकेक अक्षर लावून वाचा.

आणखी एक गोंधळ. निकाल लागला म्हणजे पदवी मिळाली असं नाही. स्वायत्त कॉलेज परीक्षा घेतं, मार्कशीट देतं. पदवी मात्र विद्यापीठ देतं. सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत. (आम्ही ते वाचून एकमेकांकडे बघायचो.) त्यानंतर पदवीदानासाठी वेगळा अर्ज. पात्र झाल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी असा यूजीसीचा नियम आहे. तोवर नोकरी, पुढचा प्रवेश ह्यांना तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं, ते मागून घ्यावं लागतं.

तिरकस
थट्टा करत होतो, पण मुलाच्या मार्कशीट काढून बसलोय आता. चौथ्या सेमिस्टरला २०.

आवक_जावक
घाबरू नका. कुठली ओळ?

तिरकस
सीईपी. रेघ.

खडू_फळा
सीईपी म्हणजे समाजसंपर्काचं काम. बहुतेक अहवाल दिलेला असतो आणि तो विभागात कुणाच्या तरी टेबलावर पडलेला असतो. पोराला विचारा, अहवालाची प्रत आहे का.

तिरकस
तो म्हणतो मोबाइलमध्ये फोटो आहे. एका पानाचा.

आवक_जावक
फोटोत सरांची सही दिसते का? दिसत असेल तर छापून जोडा. नसेल तर पोराला स्वतः विभागात पाठवा, तुम्ही जाऊ नका. बाप आला की लोक फाइल बंद करतात.

मोगरा_७४
मंडळी, चार आठवड्यांनी अपडेट द्यायला आले. डायरी माळ्यावर सापडली, बुरशी लागलेली, पण सह्या शाबूत. आवक शिक्का पहिल्या दिवशी मिळाला नाही, "साहेब जेवायला गेलेत". दुसऱ्या दिवशी अकराला दारात उभी राहिले, मिळाला. नव्या सरांनी कपाट उघडलं, त्या वर्षाच्या यादीत लेकीचं नाव सतराव्या क्रमांकावर. आणि ऐका, त्याच यादीतल्या आणखी नऊ जणांच्या मार्कशीटवर रेघ निघाली. एक पानच भरायचं राहून गेलं होतं म्हणे. सगळ्यांचं एकदम दुरुस्त करताहेत.

काल सुधारित मार्कशीट हातात आली. सीसी २ क्रेडिट, ग्रेड पॉइंट ९. एसजीपीए ८.६४. तळाला २२.

लेक आता त्या नऊ जणांच्या ग्रुपवर "काकांनी सांगितलंय" म्हणून सल्ले वाटतेय.

आवक_जावक
१९० भागिले २२, ८.६४, बरोबर. एबीसीत ११० दिसले का?

मोगरा_७४
नाही काका, अजून १०८च.

आवक_जावक
मग शिक्क्याची प्रत फाइलमध्येच ठेवा. आणि मार्कशीट बदलून घेताना जुनी जमा केलीत ना, तिची झेरॉक्स काढली होती का?

मोगरा_७४
दोन काढल्या होत्या.